दवाखान्याच्या बिलातून शिक्षा नको



"ज्यांनी लस घेतली नाही त्यांना दवाखान्याचं बिल दुप्पट लावा. त्यांच्या हट्टाचा खर्च आपण का सोसायचा?" कोविडच्या काळात हे वाक्य घराघरांत ऐकू यायचं, आणि गोवरची बातमी आली की आजही येतं. असं बोलणारी माणसं वाईट नसतात. रांगेत उभं राहून स्वतः लस घेतलेली, नियम पाळणारी, घरातल्या म्हाताऱ्यांची काळजी असणारी असतात. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

माझं मत आधीच सांगून टाकते. लस घ्यावी, लेकरांना वेळेवर द्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जो घेत नाही त्याच्याकडून आजारपणात जास्त पैसे उकळणं चूक आहे. व्यवहार म्हणून चूक आहे आणि जैन म्हणून तर त्याहून जास्त.

हा विचार नुसता ओट्यावरच्या गप्पांतला नाही. 30 नोव्हेंबर 2021 रोजी केरळच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की लस नाकारणाऱ्यांना कोविडचा उपचार सरकारी खर्चाने मिळणार नाही. 8 डिसेंबरपासून सिंगापूरने स्वतःहून लस न घेतलेल्यांना कोविडचं बिल स्वतः भरायला लावलं. जानेवारी 2022 मध्ये कॅनडातल्या क्युबेक प्रांताने अशा लोकांवर आरोग्य कर बसवायची घोषणा केली आणि तीन आठवड्यांत मागे घेतली. आपल्याकडे नोव्हेंबर 2021 मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात एकही डोस न घेतलेल्यांना पेट्रोल, गॅस आणि रेशन न देण्याचा आदेश निघाला. ठाणे महापालिकेने पहिला डोस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार अडवण्याचं ठरवलं. डिसेंबरात आपल्या नाशिक जिल्ह्यातही लस नाही तर प्रवेश नाही, असा नियम आला.

यातल्या प्रत्येकामागे एकच समज आहे: माणसाचं पोट किंवा खिसा दाबला की डोकं ताळ्यावर येतं. आता हा दाब नेमका कोणावर पडतो ते पाहू.

21 मे 2020 रोजी महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांचे कोविडचे दर बांधून दिले. साध्या वॉर्डाला दिवसाला 4,000 रुपये, अतिदक्षता विभागाला 7,500 आणि व्हेंटिलेटर लागला तर 9,000. दहा दिवस व्हेंटिलेटर म्हणजे 90,000, आणि काही तपासण्या-औषधं वरून. हे बांधून दिलेले, म्हणजे कमी केलेले दर होते. आता त्यावर लस न घेतल्याचा दंड लावा आणि रक्कम दुप्पट करा. ज्याचा विमा आहे, द्राक्षाची बाग आहे, नाशकात फ्लॅट आहे, तो कुरकुरत भरेल आणि आपला हट्ट तसाच ठेवेल. ज्याच्याकडे काही नाही तो मुकादमाकडून उचल घेईल, बायकोचे मणी मोडेल, नाहीतर दवाखान्यात जाणारच नाही. दंड तोच, पण एकाला तो चिमटा आहे आणि दुसऱ्याला फास.

आपल्या निफाड तालुक्यातलंच बघा. गोडी छाटणी, डिपिंग, विरळणी या कामांसाठी पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या मळ्यामळ्यांत उतरतात. लस घेतली की दुसऱ्या दिवशी ताप येतो, अंग दुखतं. आपण पांघरूण घेऊन पडतो. त्यांचा मात्र रोज बुडतो. गावाकडे आशाताई यादी घेऊन येते तेव्हा ही माणसं इथे असतात, आणि इथल्या सिस्टर फिरतात तेव्हा टोळी पुढच्या मळ्यावर गेलेली असते. अशा माणसाच्या कागदावर "लस घेतली नाही" एवढंच लिहिलं जातं. त्याने नाकारली, की त्याला जमली नाही, की त्याला कोणी विचारलंच नाही, हे कागदावर दिसत नाही. बिल करणाऱ्या खिडकीला तर मुळीच दिसत नाही.

लेकरांचं तर विचारूच नका. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे, भिवंडीत आणि आपल्याच जिल्ह्यात मालेगावला गोवर पसरला. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत द्यायचा असतो. त्या वयाचं बाळ काय नकार देणार? चूक आईबापांची असेल, बिल त्यांच्याच नावाने फाटेल, पण बिलाच्या भीतीने घरीच अंगारा लावून ठेवलं जाईल ते बाळ. आणि गोवर म्हणजे साधा ताप नाही. संरक्षण नसलेल्या वस्तीत एका रुग्णापासून 12 ते 18 जणांना तो होऊ शकतो. उशिरा दवाखान्यात आलेलं एक पोर म्हणजे आख्खी गल्ली. दंड लावणाऱ्याला वाटतं तो समाजाला वाचवतोय, आणि प्रत्यक्षात रोग लपवायला तोच शिकवतो.

समोरच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा खाटांचा आहे, तो टाळून चालणार नाही. एप्रिल 2021 मध्ये नाशकात खाटांसाठी लोक कसे वणवण फिरले ते आपण पाहिलंय. 21 एप्रिलला महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती झाली आणि वीसहून अधिक रुग्ण तडफडून गेले. ज्यांच्या घरातलं माणूस त्या दिवसांत गेलं, त्यांना "हट्टी लोकांनी खाटा अडवल्या" असं वाटलं तर तो राग मी समजू शकते. पण तारखा बघा. 45 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी लस 1 एप्रिलला खुली झाली आणि 18 ते 44 वयाच्या लोकांसाठी 1 मे रोजी. त्या खाटांवरच्या बहुतेकांनी लस नाकारलेली नव्हती. लस त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नव्हती. खाटा कमी पडल्या कारण खाटाच कमी होत्या. तो जाब विचारायचा तर सरकारला विचारा, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला नको.

2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही निकाल दिला की कोणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही, स्वतःच्या शरीरावरचा हक्क राज्यघटनेच्या कलम 21 मध्ये येतो. सरकार समाजाच्या भल्यासाठी योग्य ती बंधनं घालू शकतं हेही न्यायालयाने मान्य केलं. पण लस न घेतलेल्यांकडून घेतलेल्यांपेक्षा जास्त संसर्ग पसरतो असं दाखवणारी माहिती समोर आली नाही, म्हणून राज्यांनी घातलेली बंधनं प्रमाणाबाहेरची ठरवली. सरकारचं लसीकरणाचं धोरण मात्र न्यायालयाने चुकीचं म्हटलं नाही. हा निकाल दाखवून "बघा, लस नकोच" म्हणणाऱ्यांनी तो पूर्ण वाचावा.

आता आपल्या धर्माकडे येते. स्थानकात आपण सुपात्रदान आणि अनुकंपादान यातला फरक ऐकतो. सुपात्रदानात घेणाऱ्याची पात्रता बघायची: साधू-साध्वींना गोचरी वहोरवताना आपण किती जपतो! अनुकंपादानात पात्रता बघायचीच नसते. समोर दुःख आहे, एवढं कारण पुरे. पांजरापोळात आलेल्या गाईला कोणी विचारत नाही की प्लास्टिक का खाल्लंस. आजारी माणूस हा अनुकंपेचा विषय आहे. त्याच्या उशाशी पात्रतेचा हिशेब घेऊन बसणं हे कोणत्या सूत्रात बसतं ते मला कोणी दाखवावं. ज्याचं कर्म त्याला भोगावं लागेलच, त्याची वसुली करायला आपली नेमणूक झालेली नाही.

पण बायांनो, हीच कर्माची भाषा ढाल म्हणून वापरणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. "आपलं आयुष्यकर्म असेल तेवढं जगू, लस कशाला?" असं म्हणणाऱ्या आपल्याही समाजात आहेत. मग दाढ दुखली की दाताच्या डॉक्टरकडे का धावता? आपल्याकडे हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलंय, बेफिकिरीत. पाणी गाळून पिणारी, सूर्यास्ताआधी जेवणारी, चालताना मुंगी बघणारी बाई नातवाची गोवरची लस आळसाने चुकवते आणि ते पोर शेजारचं तान्हं बाळ आजारी पाडतं, तेव्हा तो प्रमाद नाही तर काय?

काहींची अडचण खरी असते. 2021 मध्ये कोव्हॅक्सिनमध्ये वासराचं रक्तद्रव आहे अशी बातमी फिरली आणि कितीतरी शाकाहारी घरं थबकली. जूनमध्ये आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला की ते पेशी वाढवण्याच्या टप्प्यावर वापरतात, तयार लशीत ते नसतं. तरीही एखादीला वाटेल की वापर झाला म्हणजे हिंसा झाली. त्यावर बोलता येतं: श्रावकाच्या जगण्यातली अटळ हिंसा आणि मुद्दाम केलेली हिंसा यात आपल्या आचार्यांनी फरक केलाय, आणि जिवाचं रक्षण हा हेतू आहे. पण अशा बाईला बिलाचा धाक दाखवलात तर बोलणंच संपतं. ती पैसे भरते आणि मत पक्कं करते.

बोलून काम होतं याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे. पोलिओच्या रविवारी एसटी स्टँडवर, शाळेत, देवळापाशी बूथ लागायचे. राहिलेल्या घरी दुसऱ्या दिवशी माणूस यायचा. उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये नकार देणारी हजारो घरं होती. त्यांच्याकडे मौलवींना, शिक्षकांना, शेजारणींना घेऊन पुन्हा पुन्हा गेले. कोणाच्या लुळ्या पोराचं बिल वाढवलं नाही. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

सायखेड्याच्या माणसाला तर हे सांगायलाच नको. गंगापूरमधून पाणी सोडलं की भोंगा वाजतो, घरं सोडा म्हणून सांगतात. तरी काही जण बसून राहतात: कोणी हट्टाने, कोणी म्हाताऱ्या आईमुळे, कोणी बांधलेल्या जनावरांसाठी. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये चांदोरी-सायखेड्याला गोदामाईचा वेढा पडला, तेव्हा अडकलेल्यांकडे होड्या गेल्या. इशारा ऐकला नाही म्हणून कोणाकडून दुप्पट भाडं घ्यायचं, असं त्या पाण्यात कोणाला सुचलं नाही. शिव्या घातल्या असतील, त्या काठावर आल्यावर.

तेव्हा जास्तीचे पैसे कोणीतरी द्यायलाच हवेत असं वाटत असेल, तर ते आजाराआधी द्या आणि आपण द्या. आपल्या घरांत दुकानं आहेत, मळे आहेत, हाताखाली माणसं आहेत. लशीच्या दिवसाचा आणि दुसऱ्या दिवसाचा रोज कापू नका. टोळीतल्या लेकरांची कार्डं मागून बघा, डोस राहिला असेल तर आशाताईंना फोन करा, आरोग्य केंद्रापर्यंत गाडी द्या. पर्युषणात औषधदानाची पावती फाडतोच ना आपण? त्यातले चार पैसे इकडे वळवा. दोन दिवसांचा रोज कितीही म्हटला तरी व्हेंटिलेटरच्या एका दिवसापेक्षा स्वस्तच पडतो.