बोटीला पैसा आहे, नावाड्याला नाही

महापूर ओसरला की कोल्हापूर जिल्ह्यात बोटींची मागणी सुरू होते. घरातला गाळ अजून निघालेला नसतो, पंचनामे व्हायचे असतात, आणि गावोगावचे पुढारी जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन घेऊन उभे राहतात: आमच्या गावाला नवी यांत्रिक बोट द्या. मी शिरोळ तालुक्यातला, नदीकाठचा माणूस. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही पूर माझ्या घरात शिरले. तरीही स्पष्ट सांगतो, आज ज्या पद्धतीनं या बोटी घेतल्या जातात त्या पद्धतीनं त्या घेऊच नयेत. त्या गावाला खोटा भरवसा देतात. दारात बोट आहे म्हणून माणसं घर सोडायला उशीर करतात, आणि त्या उशिरातच जीव जातात.

ज्या ग्रामपंचायतीला दिवाबत्तीचं बिल भरताना नाकीनऊ येतात तिला काही लाखांची बोट परवडते कशी? पैसा बाहेरून येतो. खासदार निधीतून येतो, जिल्हा नियोजन समितीकडून येतो, वित्त आयोगाच्या अनुदानातून निघतो, आपत्ती व्यवस्थापनाच्या तरतुदीतून येतो. आता या पैशाच्या अटी बघा. खासदार निधी टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी आहे, दरवर्षीच्या खर्चासाठी नाही. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, पण पगार आणि आस्थापना सोडून. म्हणजे वस्तू घ्यायला सरकार पैसे देतं, ती वस्तू चालवणाऱ्या माणसाला द्यायला देत नाही. बोट येते. नावाडी येत नाही, मेकॅनिक येत नाही, दर महिन्याला इंजिन सुरू करून बघायला लागणारं पेट्रोलसुद्धा येत नाही.

माझ्याच अनुभवातली एक बोट सांगतो. गावाचं नाव घेत नाही, कारण अशी गावं पुष्कळ आहेत. फायबरची बोट आली, हार घातला, नारळ फुटला, सगळ्यांनी फोटो काढले. उन्हाळाभर ती शाळेच्या भिंतीलगत उघड्यावर पडून होती. इंजिन एका सदस्याच्या गोठ्यात. टाकीत जुनं पेट्रोल तसंच राहिलं, ते चिकट होऊन कार्ब्युरेटरमध्ये बसलं. पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी पंखा वाळून तडकला. पुढच्या पुरात, पाणी चावडीच्या पायरीला लागलं तेव्हा, दोरी ओढून ओढून पोरांचे हात सोलले, इंजिन बोललं नाही. त्या रात्री म्हाताऱ्याकोताऱ्यांना काहिलीत बसवून बाहेर काढावं लागलं. गुऱ्हाळातली काहील, गूळ शिजवायची कढई! लाखांची बोट जागेवर, आणि माणसं कढईत. याची लाज सगळ्यांना वाटायला हवी होती. कुणालाही वाटली नाही. पूर ओसरल्यावर त्याच गावानं नव्या बोटीचा ठराव केला.

इंजिन सुरू झालं तरी काम संपत नाही. आमचा पूर समुद्रासारखा मोकळा नसतो. तो उसाच्या फडावरून वाहतो. वरून सपाट दिसणाऱ्या पाण्याखाली दहा-बारा फुटी ऊस उभा असतो, त्याची पाती पंख्याला गुंडाळतात. खाली विहिरी असतात, काटेरी तारेची कुंपणं असतात, डोक्याशी विजेच्या तारा लोंबत असतात. ओढ्याच्या तोंडाशी प्रवाह आडवा मारतो. कुठं मोटार बंद करून बांबू टेकायचा, कुठं प्रवाहाला तिरकं घ्यायचं, किती माणसं बसल्यावर एकविसाव्याला हात जोडून खाली उतरवायचं, हे पुस्तकातून कळत नाही. कृष्णाकाठच्या आंबी आणि कोळी घरांत हे शहाणपण पिढ्यान्पिढ्या होतं. नरसोबाच्या वाडीच्या घाटावर, गावोगावच्या पाणवठ्यांवर त्यांच्या नावा चालायच्या. पूल झाले, नावा बंद पडल्या, पोरं एमआयडीसीत गेली. त्या घरांना आम्ही कधी विचारलं नाही की तुमचं हे ज्ञान टिकवायला काय लागतं. आम्ही टेंडर काढलं, सर्वांत कमी दराची बोट घेतली आणि निर्धास्त झालो.

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला काय घडलं ते या भागातल्या प्रत्येकाला पाठ आहे. बोट गावातलीच होती, बचावपथकाची नव्हती. तिच्यात क्षमतेहून जास्त माणसं चढली आणि ती उलटली. सतरा जीव गेले, त्यात बायका होत्या, लहान मुलं होती. ज्यांनी ती बोट पाण्यात घातली ते आपल्याच माणसांना वाचवायला निघाले होते, त्यांच्याकडं मी बोट दाखवणार नाही. पण ब्रह्मनाळनंतर आपण काय शिकलो ते विचारणारच. आपण शिकलो ते एवढंच, की आणखी बोटी पाहिजेत. खरा धडा उलटा होता. शिकलेला चालक, मोजून बसलेली माणसं आणि प्रत्येकाच्या अंगावर लाईफ जॅकेट, हे तिन्ही नसेल तर गावात बोट असणं हेच एक संकट आहे.

कायदाही हेच सांगतो. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं १९१७ चा जुना कायदा मोडीत काढला, आणि इंजिनाच्या बोटीला तपासणी, नोंदणी आणि विमा या गोष्टी लागतात. आपल्या गावच्या बोटीचा नोंदणी क्रमांक काय, तिच्यात किती माणसं बसवायची परवानगी आहे, विमा आहे का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. ज्या गावात मोटारसायकलच्या पीयूसीवरून दंड होतो, त्या गावात तीस जीव वाहणाऱ्या बोटीचा एकही कागद कुणी मागत नाही.

लोक मला विचारतात, मग बोट नको म्हणता तर बुडून मरायचं का? अजिबात नाही. बोट पाहिजे. ती विकत घेतलीच पाहिजे असं नाही. केरळनं २०१८ च्या पुरात काय केलं ते आठवा. कोल्लम, आलप्पुळाकडचे मच्छीमार स्वतःच्या बोटी ट्रकवर चढवून पूरगावांत गेले आणि हजारो माणसं त्यांनी काढली. सरकारनं नंतर प्रत्येक बोटीला दिवसाला ३,००० रुपये आणि इंधन जाहीर केलं. तिथं बोटीबरोबर आयुष्यभर पाण्यात राहिलेला माणूस आला. म्हणून ती बोट कामाची ठरली.

आपल्याला तर घाट उतरला की कोकण आहे. मालवण, देवगड, रत्नागिरी. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यानंतरही पुष्कळ होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. म्हणजे पंचगंगा फुगते त्याच दिवसांत होड्याही रिकाम्या आणि तांडेल, खलाशीही रिकामे. पाऊस वाढला की गगनबावड्याचा, फोंड्याचा घाट बंद पडायची भीती, म्हणून या होड्या जुलैच्या सुरुवातीलाच शिरोळ, करवीरमध्ये आणून ठेवाव्या लागतील. दोन महिन्यांचा करार, रोजचं मानधन, विमा. आपत्तीच्या मदतनिधीच्या निकषांत जीव वाचवण्यासाठी बोटी भाड्यानं घेण्याचा खर्च बसतो. मग आपण खरेदीवरच का अडून बसतो? कारण भाड्याच्या होडीवर कुणाचं नाव रंगवता येत नाही, तिचं पूजन होत नाही. माझा राग यावरच आहे.

ज्यांच्याकडं बोट आलीच आहे त्यांनी ती चालवायला माणूस तयार करावा. आपदा मित्र योजना याचसाठी होती: देशभरातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण. राज्याच्या आपत्ती निधीतला १० टक्के वाटा पूर्वतयारी आणि क्षमतावाढीसाठी ठेवलेला आहे. त्यातला रुपया बोटीच्या पत्र्यावर नाही, बोटीवरच्या माणसावर खर्च करा. आणि एनडीआरएफच्या भरवशावर किती राहायचं याचाही विचार करा. महाराष्ट्रातली त्यांची तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. आता पावसाळ्यात पथकं इथं आधीच येऊन थांबतात हे चांगलं आहे, पण २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला हे विसरू नका. पहिले काही तास गावालाच काढावे लागतात.

या सगळ्याहून कमी खर्चाचा उपाय वेळेत निघणं हाच. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ३९ ला जनावरांची सोय झाली, वैरण पोचली, तर माणूस ४३ च्या आत घर सोडतो. आमच्याकडं माणूस घरासाठी मागं राहत नाही, म्हशीसाठी राहतो. छावणीत दावण बांधून देणं बोटीपेक्षा स्वस्त आहे आणि त्यात कुणी बुडत नाही.

१ मेच्या ग्रामसभेला जा. नव्या बोटीचा ठराव आला तर हात वर करण्याआधी विचारा: चालवणार कोण, त्याचं मानधन कुठल्या खात्यातून, आणि आधीची बोट आत्ता, याच क्षणी, नदीत उतरवून दाखवता का? उत्तर मिळालं नाही तर ठरावाच्या विरोधात मत द्या आणि तसं इतिवृत्तात लिहून घ्या.