प्रबंधाची दहा पानं मराठीत हवीत

माझा भाचा दक्षिण कोरियात ग्वांगजूच्या एका विद्यापीठात पोस्टडॉक करतो. चोपडा तालुक्यातल्या केळीवाल्या घरातला मुलगा. एमएस्सी आणि पीएचडी दोन्ही जळगावच्या विद्यापीठातली. तिकडे मराठी बोलायला त्याला माणसं शोधावी लागली नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले प्रा. चंद्रकांत लोखंडे यांच्यासारख्या वैज्ञानिकांनी कोरियन प्रयोगशाळांबरोबर काम सुरू केलं आणि त्या वाटेने सौरघट, सुपरकपॅसिटर अशा विषयांतली महाराष्ट्रातली कितीतरी मुलं तिकडे पोचली. कोरिया आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास रक्कम संशोधनावर खर्च करतो. आपला देश एक टक्काही करत नाही. पोरं जाणारच.

मला मात्र त्या पैशापेक्षा दुसऱ्या एका गोष्टीचा हेवा वाटतो. मी धुळ्यात एका महाविद्यालयाची ग्रंथपाल होते आणि प्रबंधांच्या कपाटाची किल्ली वर्षानुवर्षं माझ्याकडे होती. त्यामुळे भाच्याला मी पगाराच्या आधी हेच विचारलं, की तिकडे प्रबंध लिहून झाल्यावर त्याचं काय होतं? त्याने 'रिस' नावाची सरकारी सेवा उघडून दाखवली. एमएपासून पीएचडीपर्यंतचे प्रबंध तिथे कोरियन भाषेत शोधता येतात. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान 'केसीआय' या नावाने देशातल्या संशोधनपत्रिकांची सूची ठेवतं, तीही सगळ्यांना खुली. त्यातले बहुसंख्य लेख कोरियन भाषेतच असतात, आणि परक्या वाचकासाठी इंग्रजीत सारांश जोडलेला असतो. भाचा मला विषय वाचून सांगत गेला. रात्रपाळीच्या परिचारिकांची झोप, स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्याची काळजी घेणारी सून, बालवाडीच्या शिक्षिका आणि पालक यांचं नातं, मुळ्याचं लोणचं आंबताना वाढणारे जिवाणू. जगाला सांगायचं ते त्यांचे वैज्ञानिक इंग्रजीत सांगतात आणि घरातल्यांसाठी घरच्या भाषेत लिहितात. दोन्ही कामं त्यांना आपलीच वाटतात.

आपल्याकडे 'शोधगंगा' आहे. देशभरातले प्रबंध तिथे फुकट वाचता येतात, ही मोठी सोय झाली. पण धुळे, जळगाव, नंदुरबारच्या माणसांवर, मातीवर, आजारांवर लिहिलेले बहुतेक प्रबंध इंग्रजीत आहेत, आणि ज्यांच्यावर ते लिहिले त्यांना ते वाचता येत नाहीत. बायकांनी प्रश्नावली भरून दिली, रक्त दिलं, दुपारचा वेळ दिला. त्यातून निघालं काय, हे त्यांना कोणी कधी सांगितलं नाही.

खान्देशाला हे शिकायला कोरियापर्यंत जायची गरज नव्हती. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात गेले. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनी आपलं संशोधन मराठीत लिहिलं. पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. या मंडळाने त्यांचे कोश छापले आणि 'संशोधक' त्रैमासिक काढलं. मूळ कागद, त्यांचा अर्थ आणि त्यावरचा वाद, सगळं मराठीत. तालुक्याच्या गावातला शिक्षक ते वाचू शकत होता आणि चुकलेलं दाखवूही शकत होता.

अमळनेरची गोष्ट वेगळी. प्रताप शेठजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. तत्त्वज्ञ मलकानी तिथून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे त्रैमासिक चालवत. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे मोठे तत्त्वचिंतक 1930 च्या दशकात बोरी नदीकाठच्या या गावात राहून विचार करत होते. ते काम इंग्रजीत झालं आणि इंग्रजीतच व्हायला हवं होतं, कारण त्यांचा संवाद साऱ्या जगाशी होता. त्याच मंदिरात अभ्यासासाठी आलेले साने गुरुजी पुढे गावातल्या शाळेत शिक्षक झाले आणि त्यांनी मुलांसाठी 'विद्यार्थी' मासिक काढलं. एका गावात ज्ञान दोन्ही दिशांनी वाहत होतं. मला आज तेच हवं आहे. इंग्रजी बंद करा असं मी म्हणत नाही.

शेतीत हे थोडंफार होतंही. जूनच्या केळीवर हरण्या आला, पानावर पिवळे पट्टे दिसले, की शेतकऱ्याला निदान कुठेतरी मराठीत वाचायला मिळतं की हा कुकुंबर मोझॅक विषाणू आहे, तो मावा पसरवतो, बागेत काकडी-भोपळा-मिरची लावू नका, रोगट झाड उपटून नष्ट करा. जळगावचं केळी संशोधन केंद्र, राहुरीचं कृषी विद्यापीठ, कृषी खात्याचं 'शेतकरी' मासिक, सगळ्यांना माहीत आहे की समोरचा माणूस विचारायला येणार. आरोग्य, शिक्षण आणि कुटुंब या विषयांत असा विचारणारा माणूस नाही, असं विद्यापीठांनी का धरलं आहे?

विचारणारे असतात. साक्री तालुक्यातले जिल्हा परिषदेचे एक गुरुजी माझ्याकडे येत. पहिलीतलं पोर घरी 'मन्ही माय' म्हणतं, पुस्तकात 'माझी आई' असते. दोन्हींतला पूल कसा बांधायचा, यावर कोणी काम केलंय का, असं ते विचारत. काम झालेलं आहे. ग्रिअर्सनने 1907 मध्येच खान्देशी बोलीची नोंद केली, आपल्या अभ्यासकांनी अहिराणीचे शब्दकोश केले, 2011 च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे 18 लाखांच्या वर नोंदले गेले. पण वर्गात मुलं कशी शिकतात यावरचे प्रबंध मी त्यांच्यासमोर ठेवले तेव्हा ते पानं उलटत राहिले. इंग्रजी, त्यात संख्याशास्त्राचे तक्ते. शेवटी आमच्या शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापिका शेजारी बसल्या आणि त्यांनी निष्कर्ष मराठीत सांगितले. गुरुजींनी ते वहीत उतरवून घेतले. ते लिहायला त्यांना दोन पानंसुद्धा लागली नाहीत. ही दोन पानं प्रबंधातच का नसावीत?

सिकलसेलचं तर याहून गंभीर आहे. सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूरपासून नंदुरबारपर्यंत, भिल्ल आणि पावरा वस्त्यांत रक्ताचा हा आनुवंशिक आजार आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. 'प्रत्येक' हा शब्द नीट समजला नाही, तर एक मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन ठणठणीत, असा समज घट्ट बसतो. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, तपासण्या वाढल्या. पण लग्न ठरवताना रक्त तपासायला घरचे का कचरतात, वाहक मुलीला काय ऐकून घ्यावं लागतं, हे ज्यांनी अभ्यासलं त्यांचे निष्कर्ष त्या पाड्यावरच्या आशाताईच्या हातात हवेत. घरात बसून बोलायचं काम तिचं आहे.

कोरियात एक माणूस होऊन गेला, वू जांग-चुन. जपानमध्ये वाढला, मोहरी-कोबीच्या कुळातल्या पिकांचं नातं उलगडणारा त्याचा 1935 चा निबंध आजही जगभर शिकवतात. 1950 मध्ये तो कोरियात गेला आणि मरेपर्यंत, म्हणजे 1959 पर्यंत, तिथल्या लोकांच्या किमचीतल्या कोबी-मुळ्याचं चांगलं बियाणं तयार करत राहिला. आज ग्वांगजूमध्ये किमचीवर संशोधन करणारी स्वतंत्र सरकारी संस्था आहे. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मला आपली भरिताची वांगी आणि कळण्याची भाकरी आठवली. घरातल्या ताटावरचं संशोधन दुय्यम नसतं.

त्याच कोरियात ह्वांग वू-सुक यांचं प्रकरण घडलं. मूळपेशींवरचे त्यांचे निबंध 'सायन्स'मध्ये छापून आले, ते राष्ट्रनायक झाले. 2005 च्या अखेरीस एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने आणि तरुण कोरियन जीवशास्त्रज्ञांनी त्यातली बनवाबनवी उघड केली, आणि 2006 मध्ये निबंध मागे घेतले गेले. छायाचित्रं दोनदा वापरल्याची चर्चा कोरियन भाषेत, सगळ्या देशासमोर झाली. आपल्याकडे नोकरी-बढतीसाठी पैसे भरून छापलेले लेख आणि इकडून तिकडून उचललेले प्रबंध ही दुखणी सगळ्यांना ठाऊक आहेत. मराठीत दहा पानं लिहायची वेळ आली, तर ज्याने काम केलं आहे तो आनंदाने लिहील. ज्याने केलं नाही, त्याला गावातला वाचकच ओळखेल. 'या गावात तुम्ही आलाच नव्हता' हे त्या गावाइतकं खात्रीने कोण सांगणार?

मराठीत शास्त्रीय शब्द नाहीत, ही सबब मी ऐकणार नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ग्रंथालयांत आहेत, आणि अडलं तर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहावा; हिमोग्लोबिन आणि व्हायरस आपल्या आजींनाही कळतात.

जळगावच्या विद्यापीठाला आपण बहिणाबाईंचं नाव दिलं. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, तिचं नाव पदवीच्या कागदावर असताना त्या पदवीचं संशोधन तिच्या लेकी-सुनांना कळू नये, हे मला पटत नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचे सत्कार झाले. राजवाडे मंडळाची शताब्दी 2027 मध्ये आहे. तोवर विद्यापरिषदेने एवढा एक ठराव करावा: प्रबंध कोणत्याही विषयाचा, कोणत्याही भाषेतला असो, त्यासोबत दहा पानांचा सोपा मराठी सारांश दिल्याशिवाय तो स्वीकारला जाणार नाही. तो सारांश संकेतस्थळावर टाकावा, आणि ज्या तालुक्यात अभ्यास झाला तिथल्या सार्वजनिक वाचनालयात त्याची छापील प्रत ठेवावी. आणि वाचकहो, तुमच्या गावात कोणी प्रश्नावली घेऊन आलं तर उत्तरं जरूर द्या, पण त्याच वेळी त्यांच्याकडून कबूल करून घ्या, की निष्कर्ष निघाले की ते मराठीत आम्हाला आणून द्याल.