ताई होण्याचं काम



मे महिना संपला की संस्था-संघटनांच्या कार्यालयांत उन्हाळी शिबिरांचे अहवाल लिहायला घेतले जातात. आमच्या गटानेही यंदा पुण्यातल्या एका वस्तीत दहा दिवसांचं शिबिर घेतलं, रोज सकाळी दहा ते दुपारी चार. सहा ते दहा वर्षांची पन्नासेक मुलं होती. त्यांना गोष्टी सांगायला आणि हस्तकला शिकवायला वस्तीतल्याच चौदा ते सतरा वर्षांच्या नऊ मुली आणि चार मुलगे होते. मुलं त्यांना ताई-दादा म्हणत. अहवालात मात्र या तेरा जणांसाठी एकच रकाना असतो, ‘स्वयंसेवक’. त्या रकान्याबद्दल मला थोडं लिहायचं आहे.

गोष्टी आणि हस्तकला म्हणजे केसेस नि मोर्चे यांच्यामधला विसावा, असं आपल्यातल्या काहीजणींना वाटतं. पण चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या दाराशी भिजत उभा राहतो, आणि चिमणी काही दार उघडत नाही. का? तर बाळाचं न्हाऊमाखू, अंग पुसणं, तीट लावणं चाललेलं असतं. आपण सगळ्यांनी ही गोष्ट ऐकली आणि सांगितलीही. शिबिरात दहावीतली एक ताई ती सांगत होती, तेव्हा सात वर्षांची एक मुलगी म्हणाली, “तिच्या घरात दार उघडायला दुसरं कुणीच नव्हतं का?” ताईने गोष्ट तिथेच थांबवली आणि पुढचं मुलांवर सोपवलं. कुणी चिमण्याला घरी आणून त्याच्याकडे बाळ दिलं. कुणी कावळ्याला आत घेऊन त्यालाच पाणी तापवायला बसवलं. दुपारी मातीची घरटी केली, तेव्हा काही घरट्यांत चिमणा बाळाला न्हाऊ घालत होता! आपण व्याख्यानांतून जे सांगायला धडपडतो, ते एका पंधरा वर्षांच्या मुलीने गोष्ट थांबवून साधलं. हे कौशल्य आहे. पण आपण त्याला काय म्हणतो? “तिला मुलांची उपजतच आवड आहे हो!”

ही ‘उपजत आवड’ जरा तपासून पाहू या. शिबिराला येण्याआधी यातल्या बहुतेक मुली नळावर नंबर लावून पाणी भरून, भांडी घासून आलेल्या असत. एक जण दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊनच येई, कारण आई धुण्याभांड्याच्या कामाला गेलेली. शिबिरातही पहिल्या दिवशी कामं आपोआप वाटली गेली. माईक, करवत आणि हातोडी दादांकडे. शेंबूड पुसणं, शी-शूला नेणं, खळ कालवणं आणि शेवटी झाडून घेणं तायांकडे. कुणीही तसं सांगितलेलं नव्हतं.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरातली बिनमोलाची कामं करणाऱ्या स्त्रियांची त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, तर अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ९७. ही पाहणी सहा वर्षांपासूनच्या सगळ्यांची आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आपल्या शिबिरातली लहान मुलगीही या हिशोबात आलेली आहे.

आणि हे काम ‘मनाचं’ मानलं की त्याचा मोबदलाही मानाचाच ठरतो. अंगणवाडीच्या ताईंकडे पाहा. एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून त्यांना पगार नाही, ‘मानधन’ आहे. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, तेही २०२२ मध्ये. आपल्या शिबिरातल्या चौदा वर्षांच्या मुलीला आपण फक्त शाबासकी आणि प्रमाणपत्र देतो, तेव्हा नकळत त्याच रांगेत तिला उभी करत असतो.

वाट दाखवणाऱ्या बायका आपल्याकडे आधीच होऊन गेल्या आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेलं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. आदिवासी मुली शाळेत का येत नाहीत, याचं उत्तर त्यांना त्या मुलींच्या कडेवरच दिसलं. त्यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. भावंडाची सोय झाली, म्हणजे मोठी बहीण शिकायला मोकळी झाली. तिला त्यागाचे धडे देण्यापेक्षा हे किती वेगळं!

आमच्या गटाने या आधारावर तिसऱ्या दिवसापासून काही बदल केले. कामांची पाळी लावली. दादा मुलांना शी-शूला नेऊ लागले, झाडू लागले. दोघं कुरकुरले, मग सरावले. एकाला तर लहानग्यांना झोपवत गोष्ट सांगण्याची हातोटीच सापडली. ताया करवत चालवू लागल्या. कडेवरच्या भावंडांसाठी एका कोपऱ्यात चटई अंथरली आणि तिथे आमच्यातली एक मोठी कार्यकर्ती बसली. चारनंतरचा एक तास फक्त तायांचा ठेवला, मुलं नाहीत, कामं नाहीत. त्यात त्या स्वतःच्या गोष्टी सांगत, गोधडीच्या तुकड्यांवर हवं ते शिवत. एकीने सायकल शिवली. घरी सायकल आहे, पण ती भावाची आहे, एवढंच ती म्हणाली. प्रवासखर्च, जेवण आणि रोजचा भत्ता यांची तरतूद अंदाजपत्रकात केली. “फुकट राबायला पोरगी पाठवणार नाही,” असं एक वडील म्हणाले होते. त्यांचा सूर आवडला नाही, तरी मुद्दा खोटा नव्हता.

यामुळे सगळं बदललं असा दावा नाही. त्या नऊजणींपैकी दोघींच्या घरी लग्नाची बोलणी चालू आहेत, आणि एकीची शाळा नववीनंतर सुटलेली आहे. दहा दिवसांचं शिबिर याला पुरं पडणार नाही. पण पन्नास मुलांसमोर उभं राहून गोष्टीचा शेवट बदलता येतो, हे ज्या मुलीने अनुभवलं, तिच्याशी पुढचं बोलणं आपल्याला कुठून तरी सुरू करता येतं. ते बोलणं वर्षभर चालू ठेवणं, शाळेत परत जाण्यासाठी तिच्या बाजूने घरी जाऊन बसणं, हे आपलं काम.

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी अनेकजणी शिबिरं घेतील. तेव्हा अहवालात एक रकाना वाढवा. तायांनी कोणती कामं केली, दादांनी कोणती, आणि तायांना स्वतःसाठी किती वेळ मिळाला? जे दिसेल ते आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.