सॉफ्टवेअरच्या कोठाराची किल्ली कोणाकडे?

अमरावती/अकोला : ‘शकुंतला’ रेल्वेने यवतमाळ आणि अचलपूरकडून येणारा कापूस एकेकाळी मूर्तिजापूर स्थानकात उतरवून मुख्य मार्गाच्या गाडीत भरावा लागे. एका रुळाची रुंदी ७६२ मिलिमीटर, तर दुसऱ्याची १६७६. त्यात अरुंद मार्गाची मालकी स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीकडेच राहिली. माल वऱ्हाडाचा, मार्ग मात्र परक्याचा, अशी ही स्थिती होती. संगणक क्षेत्रात आज मापाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. मालकीचा प्रश्न मात्र कायम आहे.

एखादी संगणक प्रणाली आणि ती चालण्यासाठी लागणाऱ्या सर्व फायली एकत्र बांधल्या, की ‘कंटेनर इमेज’ तयार होते. २०१३ मध्ये आलेल्या ‘डॉकर’मुळे ही पद्धत रूढ झाली. अशा इमेज जेथे साठवतात, त्या कोठाराला ‘रजिस्ट्री’ म्हणतात. ‘डॉकर हब’ हे त्यांतील सर्वांत परिचित कोठार. पण ते एका कंपनीचे आहे.

या मालकीचा अर्थ नोव्हेंबर २०२० मध्ये स्पष्ट झाला. नोंदणी न करता इमेज उतरवून घेणाऱ्यांवर कंपनीने एका आयपी पत्त्यामागे सहा तासांत १०० वेळांची मर्यादा घातली. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सर्व संगणक बहुधा एकाच पत्त्यामागे असतात. ६० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी दोन इमेज मागितल्या, की मागण्या १२० होतात आणि अखेरच्या विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक अडते. मार्च २०२३ मध्ये याच कंपनीने गटांसाठीची मोफत योजना बंद करण्याचे जाहीर केले आणि टीकेनंतर निर्णय मागे घेतला. २०२५ मध्ये ब्रॉडकॉमच्या ‘बिटनामी’ने आपल्या बहुतांश मोफत इमेज, यापुढे सुधारणा न होणाऱ्या जुन्या संग्रहात हलविल्या.

यावरचा उपाय मापाच्या एकवाक्यतेत आहे. २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’ स्थापन झाला. त्याने इमेजची रचना आणि पुढे रजिस्ट्रीशी होणारी देवघेव यांची मानके ठरविली. ही मानके प्रत्यक्षात वापरता येतात ती लायब्ररींमुळे. गुगलची ‘गो-कंटेनररजिस्ट्री’ आणि तिच्यावर आधारलेले ‘क्रेन’ हे साधन, तसेच रेड हॅटच्या पुढाकाराने वाढलेले ‘स्कोपिओ’ ही त्याची उदाहरणे. इमेज न चालविता ती एका कोठारातून दुसऱ्यात नेणे, हे त्यांचे काम. इमेज थरांची बनलेली असते. जे थर नव्या ठिकाणी आधीच आहेत, ते पुन्हा पाठवावे लागत नाहीत. प्रत्येक थराला त्याच्या आशयावरून काढलेला ‘शा-२५६’ अंक असल्याने वाटेत झालेला बदल लगेच उघड होतो. रुईच्या गाठीवरील क्रमांक गाठ ओळखण्यापुरता असतो. येथील अंक आतील मालाचीही ग्वाही देतो.

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि अमरावती-अकोल्यातील लहान सॉफ्टवेअर व्यावसायिकांना यातून साधा मार्ग मिळतो. ‘डिस्ट्रिब्युशन’ हा रजिस्ट्रीचा मुक्त कार्यक्रम प्रयोगशाळेतील एका संगणकावर बसवावा, अभ्यासक्रमाला लागणाऱ्या इमेज सत्रापूर्वीच तेथे आणाव्यात आणि विद्यार्थ्यांनी त्या स्थानिक जाळ्यातून घ्याव्यात. बाहेरची मागणी प्रत्येक इमेजमागे एकदाच होईल; इंटरनेट खंडित झाले तरी तास बुडणार नाही.

अर्थात, कोठार आपले झाले की राखणही आपलीच. मूळ इमेजमधील सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येत नाहीत. त्या ठरावीक काळाने पुन्हा आणाव्या लागतात. ही जबाबदारी नेमून दिली नाही, तर स्थानिक कोठार जुन्या, सदोष मालाचे गोदाम बनेल. मात्र शकुंतलेच्या काळात वऱ्हाडाला दुसरा रूळ टाकणे शक्य नव्हते. आज तो टाकण्याची साधने मुक्त परवान्यांखाली, विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रश्न आहे तो जबाबदारी स्वीकारण्याचा.