चोरदिंडीची किल्ली

रायगडावर चोरदिंडी आहे. संकटात उपयोगी पडणारी लहानशी वाट. पण गडकऱ्याला ठाऊक असेल तरच ती गडाच्या कामाची. मागच्या सत्रात मी अशीच एक वाट कुणालाही न सांगता उघडली.

आमच्या हवामान नोंदी संगणक कक्षातल्या सर्व्हरवर असतात. सुट्टीत घरून त्या पाहता याव्यात म्हणून मी ‘रिव्हर्स टनेल’ जोडला. फायरवॉल बाहेरून येणाऱ्याला अडवते, आतून जाणाऱ्याला बहुधा सोडते. म्हणून आतला संगणकच एसएसएचने बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करतो आणि तिच्यातूनच बाहेरची विनंती आत येते. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये जन्मलेले एसएसएच ही सगळी माहिती कूटबद्ध करते.

सरांनी एकच प्रश्न विचारला, “गेटवर संत्री आहे, मागची दिंडी कोण राखतोय?” मी गप्प झालो. वाट सुरक्षित होती, पण तिच्यावर पहारा नव्हता.

काही मित्र म्हणतात, टनेलवर बंदीच हवी. मला ते पटत नाही. बंदीने चोरवाटा वाढतात. आधी परवानगी घ्यावी, वहीत नोंद करावी. पासवर्डऐवजी किल्ली वापरावी आणि ती त्या एकाच कामापुरती ठेवावी. बाहेरचे टोक जगाला खुले करू नये. घरून आधी त्या सर्व्हरवर लॉगिन करूनच पुढे जावे. एसएसएचची मूळ मांडणीही तशीच असते. काम संपले की वाट बंद.

मी तो टनेल बंद केला आणि रीतसर अर्ज दिला. गेटबाहेर जाताना आपण रजिस्टरमध्ये सही करतोच ना?