मलमाची ट्यूब : दावा आणि कसोटी

पावसाळा सुरू झाला, की दवाखान्यात चिखल्या, गळवे, केसतोड आणि चिघळलेल्या जखमांचे रुग्ण वाढतात. त्यातले बरेच जण आधी एखादे मलम लावून आलेले असतात. कोणते, असे विचारले तर उत्तर मिळते, "मेडिकलमधून आणले, जंतुनाशक आहे म्हणाला." हा शब्द इतक्या सहजपणे वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रयोगशाळेत मलमाची पहिली परीक्षा साधी असते. काचेच्या बशीत अगारचा थर देऊन त्यावर गळवात पू करणारे स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जंतू पसरतात. थरात छोटी भोके पाडून त्यात मलम भरतात आणि बशी ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवतात. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरते. औषध जिथवर पोचून लागू पडले, तिथवर भोकाभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. शेजारच्या भोकात औषध न घातलेले नुसते आधारद्रव्य भरावे लागते, नाहीतर गुण कशाचा ते कळत नाही.

पण मोठे वर्तुळ म्हणजे चांगले मलम, असे नाही. पाण्यात विरघळणारे औषध अगारात लांब पसरते. व्हॅसलीनसारख्या स्निग्ध पदार्थात अडकलेले औषध बाहेरच पडत नाही. शिवाय बशीत पू नसतो, रक्त नसते आणि जखम भरून आणणाऱ्या जिवंत पेशीही नसतात. बशीतले जंतू मारणारे जहाल औषध या पेशींनाही मारू शकते. म्हणून खरी कसोटी रुग्णांवरच्या रीतसर चाचणीतच लागते.

आधारद्रव्यही दुर्लक्ष करण्याजोगे नसते. म्युपिरोसिनच्या मलमात ते बहुधा पॉलिएथिलीन ग्लायकॉल असते. मोठ्या उघड्या किंवा भाजलेल्या जखमेतून ते शरीरात शोषले जाऊन मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. लहान फोडावर चालणारे मलम मोठ्या जखमेवर चालेलच असे नाही.

घरगुती उपायांनाही हाच न्याय लावावा. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्याला अभिमान वाटला, तो योग्यच. पण पेटंट रद्द झाले ते ही माहिती नवी नव्हती म्हणून. डब्यातली हळद निर्जंतुक असते, असे त्यातून सिद्ध झाले नाही. मधुमेह्याच्या पायाच्या जखमेत ती भरणे धोक्याचेच.

सर्वांत वाईट म्हणजे 'सगळ्यावर चालणारी' मलमे. त्यांत स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असतात. गजकर्णावर लावले की खाज लगेच थांबते, पण स्टिरॉइडमुळे बुरशी आतून पसरत राहते. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत अशी काही मलमेही होती. तरीही मिश्र मलमे मागण्याची आपली सवय गेलेली नाही.

वाचकांनी एवढे करावे. साधे खरचटले तर वाहते स्वच्छ पाणी, साबण आणि स्वच्छ पट्टी बहुतेक वेळा पुरते. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते, ते डॉक्टरांना सांगावे. ट्यूबवर घटक वाचून 'सोन' किंवा 'सोल' असा शेवट असलेले नाव दिसले, तर ते स्टिरॉइड आहे का, हे विचारल्याशिवाय लावू नये. उरलेली ट्यूब शेजाऱ्याला देऊ नये आणि अँटिबायोटिक मलम सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त वापरू नये; अशाने जंतू निर्ढावतात. जखमेभोवती लाली पसरत असेल, ताप असेल किंवा मधुमेह असेल, तर मलम शोधत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.