गोऱ्या हातातली वीट

समलिंगी चित्रपटांत नायक गोरा की काळा हे मोजत बसणं म्हणजे कलेकडे जातीचा दाखला मागणं, असं एका समीक्षकांनी नुकतंच ठणकावलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : प्रेमाला रंग नसतो, पात्रनिवड हा दिग्दर्शकाचा हक्क आहे, आणि तिकीट खपतं ते गोऱ्या चेहऱ्यावर.

दिग्दर्शकाचा हक्क कोणी हिरावलेला नाही. रोलांड एमरिक यांनी 2015च्या ‘स्टोनवॉल’मध्ये तो कसा वापरला, ते पाहा. 28 जून 1969च्या पहाटे न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांची धाड पडली. या वेळी गिऱ्हाइकं पळाली नाहीत, उलटली. त्यांत गोरी मुलं होती, तशीच रस्त्यावर राहणारी काळी आणि लॅटिनो पोरंही होती. चित्रपटात मात्र पहिली वीट फेकतो तो इंडियानाहून आलेला डॅनी नावाचा गोरागोमटा, सर्वस्वी कल्पित तरुण. मार्शा पी. जॉन्सन ही समलिंगी हक्कांच्या चळवळीतली खरीखुरी कृष्णवर्णीय व्यक्ती, पण तिच्या वाट्याला दुय्यम भूमिका! पहिली वीट कोणाची, हे इतिहासाला ठाऊक नाही. आपण पोचलो तेव्हा दंगल पेटलेली होती, असं खुद्द मार्शानंच सांगून ठेवलं आहे. मग कल्पनेला मोकळीक का नको, असं हे समीक्षक विचारतील. असू द्या मोकळीक. पण इतिहासानं कोरी सोडलेली जागा भरताना पहिला चेहरा कोणाचा सुचतो, त्यावरूनच नजर कळते. अशा नायकामुळे विषमलिंगी प्रेक्षकाला कथेत शिरणं सोपं जातं, हे एमरिक यांनीच सांगितलं. म्हणजे ज्यांनी मार खाल्ला, त्यांनी पाहुण्यांच्या सोयीसाठी मागच्या रांगेत बसायचं!

आणि तिकिटांचं म्हणाल, तर अमेरिकेत ‘स्टोनवॉल’चा गल्ला दोन लाख डॉलरपर्यंतही पोचला नाही. सगळी प्रमुख पात्रं कृष्णवर्णीय असलेल्या ‘मूनलाइट’नं (2016) जगभरात सहा कोटींहून अधिक डॉलर मिळवले, वर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्करही.

समलिंगी भूमिका समलिंगी नटानंच करावी, हा जुना वाद इथे कोणी आणू नये. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. परकायाप्रवेश हे तर नटाचं कामच. प्रश्न नटाचा नाही, कोणाची गोष्ट सांगायची हा आहे.

राहिलं प्रेमाला रंग नसण्याचं. हनीफ कुरेशी यांनी लिहिलेला ‘माय ब्युटिफुल लाँड्रेट’ (1985) पाहा. लंडनमधला पाकिस्तानी घरातला ओमर आणि गोरा जॉनी लाँड्रीच्या मागच्या खोलीत एकमेकांच्या मिठीत आहेत. त्या मिठीतच ओमर आठवण काढतो, ती स्थलांतरितांविरुद्धच्या मोर्चात चालणाऱ्या जॉनीची आणि त्याला पाहणाऱ्या आपल्या वडिलांची. जॉनी मिठी सोडत नाही. काचेपलीकडे ओमरचा काका आपल्या गोऱ्या प्रेयसीबरोबर धुलाईयंत्रांच्या मधोमध नाचतो आहे. ओमरला गोरा करा, या प्रसंगात काहीही उरणार नाही.

निर्मात्यांकडे मागणी एवढीच : ज्यांची गोष्ट, त्यांना ती लिहू द्या. ‘मूनलाइट’चे दिग्दर्शक बॅरी जेन्किन्स समलिंगी नाहीत. पण ते आणि मूळ कथा लिहिणारे टॅरेल मॅक्क्रेनी, दोघंही मायामीच्या लिबर्टी सिटीत वाढले, आणि चित्रपट त्याच वस्तीत घडतो.